वरचे दोन टक्के

रविवार, १२ जानेवारी

आज परीक्षा दिली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, अंधेरीतल्या एका शाळेत, आठवीच्या बाकावर गुडघे दुमडून. दोष सगळा तेजलचा.

सौरभला, म्हणजे आमच्या जावईबापूंना, स्वतःची बुद्धी मोजून घ्यायची होती. 'मेधा वर्तुळ' नावाचं एक मंडळ आहे. शंभरातले जे दोन सगळ्यात हुशार, त्यांनाच आत घेतात. सौरभ पेपरातलं सुडोकू पेनाने सोडवतो आणि हे भेटेल त्याला सांगतो. त्याने हौसेने तेजलचीही फी भरून टाकली होती. आज सकाळी तेजल पांघरुणाच्या आतूनच म्हणाली, "रविवारी परीक्षा? वेड लागलंय? आईला ने." भरलेली फी फुकट गेलेली मला बघवत नाही हे तिला पक्कं ठाऊक. मी साडी बदलली आणि निघाले.

दारातल्या मुलीने यादीतलं तेजलचं नाव खोडून माझं लिहिलं. फोन नंबर तेजलचाच राहू दिला. म्हणाली, "आजी, मध्येच दमलात तर सांगा हां."

सगळी चित्रं होती. नऊ चौकोन, आठ भरलेले, नववा ओळखायचा. इंग्रजी नाही, गणित नाही, पाठांतर नाही. पहिली सोपी गेली, मग चित्रं नाठाळ होत गेली. खरं सांगते, मजा आली. एकेक सुटलं की डोक्यात चुटकी वाजल्यासारखं व्हायचं. पलीकडच्या बाकावर सौरभ कपाळ चोळत होता.

बाहेर पडल्यावर त्याने उसाचा रस पाजला. "कठीण होतं ना, आई?"

"फारच," मी म्हटलं. जावयाला आणखी काय सांगणार?

मंगळवार, २८ जानेवारी

निकाल आला. सौरभ बसला नाही त्यांच्या दोन टक्क्यांत. जेवताना म्हणाला, "जाऊ दे. त्यांची वेबसाइट बघितली तेव्हाच कळलेलं, काही दम नाही." आणि ताक न पिताच उठला.

तेजलने मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि फोन डोळ्यांसमोर धरला. मी पास. नुसती पास नाही, शंभरात नव्याण्णवांच्या पुढे.

ओट्याला टेकून उभीच राहिले. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अख्खी नोकरी केली, विवाह नोंदणीच्या टेबलावर. कुणी मला कामसू म्हटलं, कुणी खडूस म्हटलं, माहेरी तर आगाऊ हेच नाव होतं. हुशार म्हणून कुणी म्हटल्याचं आठवत नाही. हे असते तर म्हणाले असते का? म्हणाले असते, "बरं, मग चहा टाक."

पण सौरभला कळता कामा नये. लग्नानंतर ही दोघं इथे जोगेश्वरीला माझ्याच घरात राहिली, मी एकटी पडू नये म्हणून. त्यावरून सोसायटीतले लोक त्याला 'घरजावई' म्हणून चिडवतात. तो हसतो, पण मी बघितलंय, हसून झालं की मान खाजवतो. आता सासूच्या घरात राहायचं आणि सासूपुढे नापासही व्हायचं? उद्या तेजलला घेऊन दहिसरच्या एखाद्या टॉवरमध्ये जाऊन बसला तर मी काय करू?

तेजलच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून तिला देवापुढच्या नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली.

बुधवार, २९ जानेवारी

सौरभने काजूकतली आणली. ऑफिसात कुणाला तरी बढती मिळाली म्हणे. पहिला तुकडा मला दिला आणि वाकून नमस्कार केला. "संक्रांतीला राहून गेलेला, आई."

तेजलने शपथ पाळली. पोरगी सुधारली म्हणायची.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मेधा वर्तुळाच्या पहिल्या बैठकीला जाऊन आले. घरी सांगितलं की अंधेरीला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे, शालूताईकडे, जाते. सौरभ म्हणाला, "मला त्याच बाजूला एका डॉक्टरांना भेटायचंय, सोडतो." तो औषध कंपनीत आहे, दिवसभर डॉक्टरांच्या दवाखान्यांबाहेर बसतो. स्कूटरवरून नेलं आणि बरोबर त्या कॅफेच्या दारात उतरवलं. "इथेच ना?" मी म्हटलं, "हो, शालूताई इथे मागेच राहते." सुदैव बघा, तिचं घर खरंच मागच्या गल्लीत आहे! तो शिट्टी वाजवत गेला. त्याला काही म्हणजे काही कळलं नाही.

आम्ही नऊ जण होतो. मला सोडलं तर सगळे चाळिशीच्या आतले. प्रमुख घाटकोपरचा धवल, संगणकातलं काहीतरी करतो, मराठी छान बोलतो. कोणत्या टेबलावर बसलं की सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येईल यावर अर्धा तास चर्चा झाली. एकाने पेपर नॅपकिनवर नकाशा काढला. शेवटी वेटरने दोन टेबलं जोडली आणि म्हणाला, "बसा."

पण नंतर जे झालं ते लिहून ठेवते. मी वॉर्ड ऑफिसातला एक किस्सा सांगायला घेतला आणि तो संपायच्या आतच सगळे हसले. घरी किस्सा संपल्यावर तेजल विचारते, "मग?" इथे अर्ध्या वाक्यात पोचलं. एक मुलगी म्हणाली की शाळेत सगळे तिला विचित्र म्हणायचे, इथे आली आणि पहिल्यांदा बरं वाटलं. मी तिचा हात दाबला. येताना रिक्षात उगाचच गाणं गुणगुणत होते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळी नेहमीप्रमाणे खाली बाकावर नंदाबरोबर बसले. नंदा गावडे, बी विंग. आम्ही दोघी एकाच वर्षी या सोसायटीत आलो. तिचा नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा चैतन्य आणि सुनेजवळ राहते. माणूस लाख मोलाचं, पण बोलणं म्हणजे चिवड्यातले शेंगदाणे शोधावे तसं.

आज केसांना मेंदी लावून आली होती. म्हणाली, "काल जोगेश्वरीची लेणी बघून आले."

म्हटलं, "इतकी वर्षं इथे राहतेस, आत्ताच का सुचलं?"

"गारवा असतो गो आत," म्हणाली आणि लाजली. लेण्यांत लाजण्यासारखं काय आहे?

मग विचारते, "जानकी, नवरा एका जातीचा आणि बायको दुसऱ्या, तर रजिस्टर लग्नाला काय लागतं?"

माझा विषय. मी सगळं सांगितलं. वांद्र्याच्या ऑफिसात अर्ज, महिनाभराची नोटीस, तीन साक्षीदार, विधवा किंवा विधुर असेल तर मृत्यूचा दाखला. तिने विचारलं, "वयाचं काही असतं का?" म्हटलं, "वरची मर्यादा नाही, हवं तर शंभराव्या वर्षी करा." ती खूप हसली. तिच्या कुठल्यातरी भाच्याचं प्रकरण असणार. मी विचारलं नाही. लोकांच्या भानगडीत मी पडत नाही.

तेवढ्यात सी विंगचे साळवे आले. धोंडिराम साळवे, बेस्टमधून निवृत्त झालेले, विधुर आहेत. समोरच्या बाकावर बसून नंदाला विचारतात, "किती वाजले?" मनगटावर हे एवढं मोठं घड्याळ! नंदाने सांगितली वेळ. मग ते पंधरा मिनिटं तिथेच बसले.

घड्याळ बांधून वेळ विचारणारा माणूस. शंभरात साठांच्या पुढे, फार तर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ही नंबर लावायची सवय वाईट आहे, पण जडली खरी. दूधवाला: सत्तर. सोसायटीचे सेक्रेटरी: पंचावन्न, तेही बायकोने मदत केली तर. तेजल: नव्वद, आळस वजा केला तर. सौरभला मनातल्या मनातही नंबर दिला नाही. जावई आहे.

मात्र त्याला मदत करायची ठरवलीय. मंडळाची परीक्षा आणखी एकदा देता येते. त्याला नकळत तयार केलं, तर तोही पास आणि मीही सुटले. मग आज थालीपिठं केली. पहिल्याला एक भोक पाडलं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार. म्हटलं, "सौरभ, चौथ्याला किती असतील सांग बघू?"

तो म्हणाला, "आई, भोकं मोजू की भूक भागवू?"

तेजल हसून हसून ठसकली. मला काळजी वाटली. आठ हे उत्तर होतं.

रविवार, २ मार्च

मला शंका येत होतीच. सौरभ चोरून अभ्यास करतोय!

सलग तिसऱ्या रविवारी फाइल घेऊन बाहेर गेला. कुठे विचारलं तर "एक काम आहे." बॅगेतून पासपोर्ट फोटोंचं पाकीट डोकावत होतं. हॉलतिकिटासाठी असणार. आज जिन्यात साळवे भेटले तर त्यांच्याशी दबक्या आवाजात "जन्मतारखेचा पुरावा" वगैरे बोलत होता. मला बघून दोघेही एकदम क्रिकेटवर आले. परीक्षेच्या अर्जाला जन्मतारीख लागतेच. पण साळव्यांना कशाला विचारायचं? मी आहे ना घरात. विवाह नोंदणीत अर्ज तपासण्यात आयुष्य गेलं माझं.

बिचारा. लाजतो मला.

शनिवार, ८ मार्च

बैठक. महिला दिन म्हणून मला गुलाब मिळाला. मग धवलने एक प्रस्ताव मांडला. दोन टक्के म्हणजे फारच गर्दी झाली, त्यामुळे वर्तुळाच्या आत एक लहान वर्तुळ असावं, फक्त वरच्या एक टक्क्यासाठी. त्यावर दोघे चिडले, एकजण रडवेला झाला. ती विचित्र म्हणवून घेणारी मुलगी गप्पच झाली. मी वरच्या एकात बसते असं धवलने सगळ्यांसमोर जाहीर केलं. मी "छे छे" म्हटलं. किती हळू म्हटलं ते माझं मलाच ठाऊक.

लहान वर्तुळाचं नाव काय ठेवायचं यावर दोन तास गेले. ठरलं नाही.

सौरभ न्यायला आला होता. शालूताईच्या घरी नाही, कॅफेच्या दारातच. म्हणाला, "इथून जात होतो." माझ्या हातातल्या गुलाबाकडे बघून म्हणाला, "शालूताईंनी दिला?"

"हो."

"छान आहेत शालूताई."

सोमवार, १० मार्च

नंदाचं आज काय बिनसलं कळत नाही. बाकावर येऊन बसली, पदराचं टोक पिळत होती. साळवे समोरच्या बाकावर, आज वेळ न विचारता. नंदा म्हणाली, "जानकी, तुका एक सांगूचा हा." मनातलं काही असलं की ती मालवणीवर येते. "म्हणजे बघ, दोन माणसं असतात. दोघांचंही वय झालेलं. दोघंही घरात असून एकटी. लोक काय म्हणतील, पोरं काय म्हणतील..."

म्हटलं, "नंदा, मुद्द्यावर ये."

"तोच सांगतंय गो."

"तू सगळीकडून फिरून येतेस. तुझा दोष नाही." आणि मग मी तिला मेधा वर्तुळाबद्दल सांगितलं. तिला पहिल्यांदाच सांगितलं, कारण ती सौरभला सांगणार नाही. बुद्धी कशी घंटेच्या आकारात पसरलेली असते, मधे बहुतेक सगळे, टोकाला थोडे, हे जमिनीवर काडीने काढून दाखवलं. मी इथे. तिने विचारलं, "आणि मी?" मी प्रामाणिकपणे काडी मध्याच्या जरा अलीकडे ठेवली. म्हटलं, "यात वाईट काही नाही. निम्मं जग तुझ्या बाजूला आहे."

ती उठली आणि गेली. साळवेही उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं विनातिकीट प्रवाशाकडे बघत असतील.

खरं बोललं की लोकांना झोंबतं.

शुक्रवार, १४ मार्च

नंदाकडे पुरणपोळ्या पाठवल्या. डबा परत आला, धुतलेला आणि रिकामा. नंदाने आजवर माझा डबा रिकामा परत पाठवला नव्हता. साखर तरी घालतेच.

संध्याकाळी बाकावर एकटीच बसले. फार डास आहेत तिथे.

रविवार, २३ मार्च

भाजी अर्धी चिरून ठेवून लिहायला बसले.

सौरभ गॅलरीत फोनवर बोलत होता. "दहिसरचीच बघा. वन बीएचके पुरे, दोघंच आहेत. लिफ्ट मात्र पाहिजे. हो, पुढच्या महिन्यात राहायला येणार. नाही, घरच्यांना अजून सांगितलेलं नाही."

दोघंच आहेत!

म्हणजे याला कळलंय. सासू पास, आपण नापास, हे याला कुठून तरी कळलं आणि तो तेजलला घेऊन चालला. कसली चित्रं सोडवली मी! माझ्या घरातला चौकोन रिकामा होणार.

सोमवार, २४ मार्च

तेजल आंघोळीला गेल्यावर सौरभसमोर जाऊन उभी राहिले. तो बूट घालत होता.

म्हटलं, "सौरभ, मी पास झाले."

त्याने मान वर केली.

"त्या परीक्षेत. जानेवारीतच. मी लपवलं. शालूताईकडे मी गेलेच नाही. पण म्हणून घर सोडून जाऊ नकोस. हवं तर मी राजीनामा देते मंडळाचा. दहिसरला जाऊ नका."

त्याने एक बूट घातला, दुसरा हातात तसाच. आणि हसायला लागला. "आई, मला पहिल्याच रात्री कळलं. तेजल खोलीत आली ती नाचतच आली."

"तिने नारळावर हात ठेवला होता!"

"तिने नारळाची माफी मागितली, मग मला सांगितलं. काजूकतली कुणाच्या बढतीची होती वाटलं तुम्हाला?"

मी खाली बसले. "मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही इतक्या आनंदात लपवत होतात, मोडवेना." मग जरा मान खाजवून म्हणाला, "आणि पहिले दोन दिवस लागलं होतं मला. खोटं कशाला बोलू. पण मग त्या कॅफेतून बाहेर येताना तुमचा चेहरा बघितला. बाबा गेल्यापासून तसा बघितला नव्हता."

मी डोळे पुसले आणि मुद्द्यावर आले. "मग दहिसरला कोण चाललंय?"

आता त्याची वाट लागली. बूट घातला, काढला, परत घातला. "ते मी नाही सांगू शकत. शब्द दिलाय. तुम्ही नंदाकाकूंना विचारा."

"नंदाचा काय संबंध?"

"आई," तो म्हणाला, "काकूंनी केसांना मेंदी लावली. त्या लेणी बघायला गेल्या. साळवेकाका घड्याळ घालून त्यांना वेळ विचारतात. काकू तुम्हाला रजिस्टर लग्नाचे नियम विचारतात. तुम्हीच मला हे सगळं जेवताना सांगितलंत."

मी चारही गोष्टी बोटांवर मोजल्या.

"अगो बाय माझे," मी म्हटलं.

तशीच चपला अडकवून बी विंगमध्ये गेले. नंदा गवार मोडत होती. मी समोर बसले आणि मूठभर गवार ओढून मोडायला लागले. माफी कशी मागायची असते ते मला येत नाही, कधी फारशी मागितलेली नाही. म्हटलं, "नंदा, मी गाढव आहे."

"किती टक्क्यांतलं?" तिने विचारलं, वर न बघता.

मग तिने सांगितलं. साळव्यांशी वर्षभर बोलणं आहे. ते बौद्ध, ही आमच्यातली, पण त्याचं दोघांनाही काही नाही. पोरांच्या घरात अडचण करून राहायचं नाही म्हणून दहिसरला भाड्याने घर बघतात. साळव्यांच्या मुलीला, संघमित्राला, माहीत आहे, ती खूश आहे. नोटीस लागून तीन आठवडे होत आले. तिला मला साक्षीदार करायचं होतं, तेच सांगायला त्या दिवशी आली होती.

"सौरभला कधी सांगितलंस?"

"सांगूक लागलंच नाय. मी रडत जिना चढत होतंय, तो उतरत होता. फक्त म्हणाला, 'काकू, साळवेकाका चांगले आहेत हां.' माझ्या पोटातलं कसं कळलं त्याला, देव जाणे. कागद तर तो आधीपासूनच यांना करून देत होता, काही न विचारता."

"तेजलला सांगितलं नाही त्याने?"

"तेजलला सांगितलं असतं तर नोटीस लावायची गरजच नव्हती."

दोघी हसलो. मग ती थांबली. "तू हुशार आहेस, जानकी. मला ते काडीशिवायही माहीत होतं. पण कुणी बोलायला लागलं की तू आधी उत्तर देतेस आणि मग ऐकतेस."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मिटलं.

"साक्षीदार तीन झाले आता," ती म्हणाली. "सौरभ, संघमित्रा आणि यांचे कॅरमवाले मित्र. तू नुसती ये." ते बरोबरच होतं, पण लागलं. दारापर्यंत आले तेव्हा तिने हाक मारली. "एक काम करशील? चैतन्यला अजून सांगितलं नाही. माझ्याने होत नाही. तू सांग."

बुधवार, २६ मार्च

रात्रभर मुद्दे काढले. कायद्याचे चार, भावनेचे तीन. चैतन्यला ऑफिसमधून आल्यावर गच्चीवर गाठलं. एका वाक्यात सांगून टाकलं आणि मुद्दे सुरू करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आईला इथे काय कमी होतं?"

सातही मुद्दे जिभेवर आले. गिळले. जन्मात असं गप्प बसले नव्हते, कानशिलं दुखायला लागली.

तो चिडला. मग लोकांवर चिडला, मग साळव्यांवर, मग माझ्यावर की मी काही बोलत का नाही. मग पाण्याच्या टाकीला टेकून बसला. म्हणाला, बाबा गेल्यावर आई टीव्ही लावून ठेवायची, बघायची नाही, नुसता आवाज असावा म्हणून. हल्ली बंद असतो. त्याला वाटलं होतं, कंटाळली असेल.

खालून कुणाच्या तरी फोडणीचा वास आला. उठता उठता तो म्हणाला, "साळवेकाकांना डायबिटीस आहे ना? जेवणात गोड जास्त नका ठेवू."

मी जिन्यातच नंदाला फोन लावला.

मंगळवार, ८ एप्रिल

लागलं लग्न. वांद्र्याच्या ऑफिसात, दोन तरुण जोडप्यांच्या मधे. नंदा जांभळ्या साडीत, साळव्यांनी पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. टेबलापलीकडची मुलगी अर्ज असा चाळत होती की मला राहवेना. तिने तिसऱ्या साक्षीदाराचा पत्ता बघितलाच नाही. मी दोन पावलं पुढे गेले. नंदाने आपली पर्स माझ्या हातात दिली. "धर गो जरा." मी धरून मागे उभी राहिले.

सौरभने सही करताना पेन झटकून बघितलं, जसा मोठा अधिकारीच. संघमित्राने वडलांच्या कॉलरवरचा धागा काढला. तेजल सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडली, वर सगळ्यांना सांगत होती की मला कुणी काही सांगतच नाही.

चैतन्य ऑफिसात आला नाही. जेवणाला आला, उशिरा. भात खाल्ला, कुणाशी फार बोलला नाही. निघताना मात्र आईची बॅग त्याने उचलली आणि टॅक्सीत ठेवली, आणि साळव्यांना म्हणाला, "औषधं घेतलीत ना बरोबर?" साळवे गडबडून खिसे चाचपायला लागले. दोघं चार दिवस मालवणला चाललेत. चौदा तारखेच्या आत परत, कारण जयंतीला घरी असायलाच हवं असं साळव्यांनी लग्नाआधीच बजावलंय.

परतताना स्कूटरवर सौरभ म्हणाला, "आई, तुमचं अभिनंदन करायचं राहूनच गेलं की."

"कसलं?"

"परीक्षेचं."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. जरा जोरातच बसली, स्कूटर डुलली. शनिवारच्या बैठकीला तो सोडणार आहे. लहान वर्तुळाला नाही म्हणून मी धवलला कळवलं, पण मोठं वर्तुळ काही सोडवत नाही. किस्से कुणाला सांगू मग?

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळी मालवणहून नंदाचा फोन. समुद्र छान, मासे ताजे, फक्त एक अडचण. कुजबुजत म्हणाली, "हे घोरतात गो. डबल डेकर सुरू व्हावी तसे. तीन रात्री डोळा लागला नाही. तुझी ती हुशार माणसं आहेत ना, त्यांना विचार काही उपाय."

मेधा वर्तुळाच्या ग्रुपवर टाकलं. नाव न घेता. दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस. एकाने नाकाच्या हाडाचा आलेख पाठवला. दुसऱ्याने घोरण्याची व्याख्याच चुकीची आहे म्हटलं. दोघं भांडून ग्रुप सोडून गेले, त्यांतला एक संध्याकाळी परत आला. धवलने घोरण्यावर उपसमिती नेमायचं सुचवलं.

जेवताना सौरभला सांगितलं. तो आमटी ओरपत म्हणाला, "काकूंना म्हणावं, त्यांच्या आधी झोपा."

नंदाला लगेच फोन करून कळवलं. उपाय कुणाचा ते तिने विचारलं नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "जानकी, काय डोकं आहे गो तुझं!"

मी म्हटलं, "असतं एकेकाचं."

सौरभ समोर बसून आमटी वाढून घेत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग मी मुकाट्याने त्याच्या भातावर तूप वाढलं, नेहमीपेक्षा दुप्पट.